अजून वाळलं न्हाई

माझ्या सासऱ्यांची मिशी चकाकायची. तेल लावलेल्या मिशा तुम्ही पाहिल्या असतील, कलप लावलेल्याही पाहिल्या असतील; पण व्हार्निश लागलेली मिशी पाहायची, तर बीडजवळच्या पालीला आमच्या अण्णांकडेच यावं लागलं असतं. पावसाळ्याच्या तोंडाला ती अशी लखलखायची की धरणावरून येणारं ऊन आधी मिशीवर पडायचं आणि उरलंसुरलं गावाला मिळायचं. त्या दिवसांत अण्णा जपून हसायचे. मिशीची एक बाजू वाळून टणक झालेली असायची, त्यामुळे हसू बिचारं चाचपडत दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं.

कारण सांगतो. गावातल्या शाळेत मुलंमुली बांबूच्या धनुष्याने नेमबाजी करतात. त्यांचे लाकडी बाण बाहेरून विकत येतात, पण येतात ते उघडे, कोरे. कोरं लाकूड हवेतला ओलावा पितं, ओलावा प्यालेला बाण वाकतो, आणि वाकलेला बाण सोडणाऱ्याचं ऐकत नाही. म्हणून त्याला वरून लेप द्यावा लागतो. हे काम अण्णांनी कुणी न सांगता स्वतःकडे घेतलं होतं. ते बाणाला तीर म्हणायचे. आणि लेप वाळला की नाही हे ते बोटाने कधीच बघत नसत. तीर आडवा धरायचे, खालच्या ओठावर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि बासरीवाल्यासारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायचे. वरून मिशी त्याच्यावरून झाडू फिरवायची, आणि तिथेच तिला चकाकी चढायची.

"बोट लबाड असतंय," ते सांगायचे. "जे पायजे तेच त्याला लागतंय. व्हटाला लबाडी जमत न्हाई."

मग डोळे उघडून, कोर्टात निकाल द्यावा तसा निकाल: "अजून वाळलं न्हाई."

हे वाक्य फक्त तिरांपुरतं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. अण्णा ते सगळ्यालाच लावायचे. घराला रंग दिला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भिंतीला कुणी टेकायचं नाही. निवडणुकीत दोन्ही पॅनलचे लोक पाठिंबा मागायला यायचे, चहा प्यायचे, आणि अण्णा दोघांनाही तेच सांगायचे. मतदानाच्या दिवशी ते ओसरीवर बसून राहिले, दोन्हीकडच्या जीपगाड्या दारात उभ्या, आणि बाहेर निरोप गेला की विचार अजून वाळलेला नाही. त्या वर्षी दोन्ही बाजूंनी त्यांना आपला माणूस म्हटलं आणि दोन्ही बाजूंनी नंतर ओळख दाखवली नाही.

माझं लग्नही या वाक्यात अडकलं होतं. मी मूळचा कडा गावचा. मुलगी बघायला आम्ही पालीला गेलो, तेव्हा मुलीआधी अण्णांनी मला बघितलं. ओसरीवर उन्हात उभं केलं, एक डोळा मिटला, आणि बाण सरळ आहे का हे बघतात तसं डोक्यापासून चपलांपर्यंत माझ्यावरून नजर सोडली. माझे वडील शेजारी उभे राहून कौतुकाने बघत होते. त्यांना वाटलं, पाव्हण्यांकडे अशी रीत असेल. मध्यस्थामार्फत पुढे निरोप आला: पोरगं सरळ हाय, पण अजून वाळलं न्हाई. वडील दोन दिवस विचारात पडले. शेवटी त्यांनी मला हळूच विचारलं की तू तिथे काही सांडलंस का.

पुढची ज्वारी निघेपर्यंत मी वाळत राहिलो. मग माझ्या बायकोने, म्हणजे तेव्हाच्या मुलीने, वडिलांना त्यांच्याच भाषेत ऐकवलं: "अण्णा, लई वाळलं की तडकतंय." दुसऱ्या दिवशी होकार आला. अर्थात तो लग्नापुरता. नंतरही कुणी विचारलं, जावई कसे आहेत, तर अण्णा ओठ पुढे काढून मान हलवायचे. बीडमध्ये माझं चष्म्यांचं दुकान आहे. अर्ध्या जिल्ह्याची नजर मी सरळ केली, पण सासऱ्यांच्या नजरेत मी ओलाच.

आता लेपाबद्दल. अण्णांच्या वडिलांच्या काळी विहिरीवर मोट चालायची. मोटेचं चामडं पाण्याने कुजू नये म्हणून करडईचं तेल तासन्‌तास उकळायचं, ते मधासारखं दाट झालं की चामड्यात जिरवायचं. त्याला रोगण म्हणतात. मोटा गेल्या, विहिरींवर मोटारी बसल्या, पण रोगण करायची विद्या अण्णांच्या हातात तशीच राहिली, आणि विद्या हातात असली की ती कशावर तरी लावल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे. आधी बैलगाडीच्या चाकांना लावलं. मग दाराला, मग खाटेला. त्या खाटेवर निजलेला पाव्हणा सकाळी उठला तेव्हा चादर त्याच्याबरोबर उठली. शेवटी शाळेचे बाण पावसात भिजून वाकल्याचं कानावर आलं, आणि अण्णांना आयुष्याचं काम सापडलं.

बाणांसाठीचं पहिलं रोगण त्यांनी सासूबाईंच्या मोठ्या कढईत केलं. सासूबाई माहेरी गेल्या होत्या. कढई घासून, राखेने पुसून जागेवर ठेवली होती, तरी त्या दिवाळीला करंज्यांना जो वास आला तो मी विसरलेलो नाही. लग्न नवीन होतं, मी दोन खाल्ल्या आणि छान झाल्यात म्हणालो. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाव्हणे, खोटं बोलू नका. ही मोट हाय." त्यानंतर रोगण शेतातच शिजायचं, बांधाच्या कडेला तीन दगडांवर, आणि वारा पाठीशी घेऊन अण्णा त्याच्यासमोर बसायचे, एखादा ऋषी बसावा तसे, फक्त ऋषींच्या अंगाला असा वास येत नसावा.

पण रोगणाने तरी काम भागेल का, की बाजारातलं व्हार्निश बरं, की सुताराचा चपडा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख? हे ठरवायला अण्णांनी विहिरीची परीक्षा घेतली. प्रत्येक लेपाची एकेक काडी दोरीला बांधून विहिरीत सोडली. मोटेची परीक्षा अशीच व्हायची म्हणे. काड्या वर काढायला आम्ही सगळे काठावर हजर. चपडा लावलेली काडी भूत बघितल्यासारखी पांढरीफटक पडली होती. व्हार्निशवाली बरी होती, पण दोरी घासली तिथे सालपट निघालं होतं. आणि रोगणाच्या काडीत पाणी कणभर शिरलं नव्हतं, मात्र ती आणि दोरी आता एकच वस्तू झाली होती. मी म्हटलं, अण्णा, तिघेही नापास. अण्णा म्हणाले, "नापास न्हाई. लग्न लावायचं." आणि तोडगा सांगितला: "अंगात रोगण, अंगावर व्हार्निश."

हा तोडगा खरंच चांगला निघाला, हे मला मान्य करावं लागतं. रोगण पातळ करून चिंधीने काडीत चोळायचं, वर राहिलेलं लगेच पुसून टाकायचं, म्हणजे लाकूड आतून तृप्त. ते पूर्ण वाळलं की मग वरून व्हार्निशचे पातळ हात द्यायचे, आणि दोन हातांच्या मध्ये बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. जाड हात दिला तर तीर जड होतो आणि निशाण्याच्या खाली जातो. आणि आतलं ओलं असताना वरचा हात दिला तर व्हार्निशला सुरकुत्या पडतात, तीर म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखा दिसायला लागतो. म्हणून थांबायचं. सगळी गोम थांबण्यात, आणि थांबण्यात अण्णांचा हात धरणारा मराठवाड्यात कुणी नव्हता.

व्हार्निश ब्रशने नाही, नळीने. बोअरच्या पाइपचा उरलेला तुकडा उभा करायचा, खालून बंद, आत व्हार्निश; वरच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून बांधायचं आणि त्याला भोक पाडायचं. त्या भोकातून तीर आत बुडवायचा आणि सावकाश वर ओढायचा. जास्तीचं व्हार्निश रबर पुसून घेतं. अण्णा तीर ओढताना श्वास रोखायचे आणि आम्हालाही रोखायला लावायचे. मग तो ओसरीतल्या तारेला चिमट्याने लटकायचा. ती तार सासूबाईंची कपडे वाळत घालायची, आणि चिमटेही त्यांचेच. या तारेवरून त्या घरात जेवढे शब्द झाले तेवढे शेताच्या वाटणीवरून झाले नसतील. एकदा सासूबाईंनी चिडून तिरांच्या मध्ये आपलं लुगडं वाळत घातलं. संध्याकाळी त्या लुगड्यावर उभे पट्टे उमटले होते. अण्णांनी ते निरखून पाहिलं आणि म्हणाले, आता ह्याला पाणी लागणार न्हाई.

माझी मुलगी मुक्ता हे सगळं बघत मोठी झाली. बीडला आमच्याकडे राहायची, पण रविवारी पालीला, अण्णांच्या पाठीमागे. आठवीत तिने गावातल्या शाळेच्या रविवारच्या सरावात धनुष्य हातात घेतलं आणि पुढे तिचा हात इतका बसला की जिल्ह्याच्या निवडीसाठी तिचं नाव गेलं. शाळेचे क्रीडाशिक्षक, आम्ही त्यांना सरच म्हणतो, त्यांनी सांगितलं की निवडीच्या आदल्या शनिवारपर्यंत प्रत्येकाने आपले बाण तपासायला द्यायचे. ज्यांचे नसतील त्यांनी शाळेचे जुने घ्यायचे. जुने बाण कसे होते ते मुक्ताला माहीत होतं. तिला अण्णांचेच हवे होते, आणि अण्णांना तर दुसरा विचार शिवलाच नव्हता. नवीन दांड्या आल्या, रोगण जिरलं, व्हार्निशचे हात बसले, शेवटचा हात देऊन तीर तारेवर चढले.

आणि तिथेच राहिले.

दर दोन दिवसांनी मुक्ता फोन करायची. अण्णा, झाले का? अजून न्हाई. शेवटचा रविवार आला. पाऊस परतीचा होता, हवा दमट, हे खरं; पण मी स्वतः बोट लावून बघितलं तर तीर चष्म्याच्या काचेसारखे कडक. मी तसं म्हणालो. अण्णांनी तीर ओठावर ठेवला, सरकवला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले.

"न्हाई."

मी म्हटलं, अहो, धूळसुद्धा बसत नाही त्याच्यावर. ते म्हणाले, तुमच्या बोटाला काय कळतंय, तुमी अजून. वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. करायची गरजही नव्हती. मुक्ता तारेखाली उभी होती. ती रडत नव्हती, पण नख चावत होती, आणि तिच्या बाबतीत ते रडण्याच्या अगदी शेजारचं घर असतं.

तेवढ्यात सासूबाई पोहे घेऊन आल्या. आम्ही खायला बसलो. अण्णांच्या खालच्या ओठाला पोह्याचा एक कण चिकटला. ते बोलत राहिले, हवेबद्दल, व्हार्निशबद्दल, आणि तो कण ओठाबरोबर वरखाली होत राहिला. हा माणूस, ज्याला ओठावर आलेला चिकटपणा केसभरही चुकला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "हे आसंच चाललंय. दाढ काढून आल्यापासनं शित चिकटलं तरी ह्यांना कळंना." त्या सहज म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

मुक्ताने हात पुढे करून तो कण काढला. अण्णा बोलतच होते. त्यांना कळलं नव्हतं. मग तिने बोट तिथेच, ओठावर दाबून ठेवलं आणि विचारलं, "अण्णा, कळतंय का?"

अण्णा धरणाच्या बाजूला बघायला लागले. बीडला त्यांची खालची दाढ काढली होती. दाढेची मुळं शिरेला लागून आहेत, ओठ बधिर राहू शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ते त्यांनी घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

"व्हट माझा राह्यला न्हाई," ते म्हणाले. "वाळलं म्हणलो अन् वलं निघालं, तर? ऐन टायमाला तीर तुझ्या बोटाला चिकटला तर? म्हणून न्हाई म्हणायलोय. न्हाई म्हणायला व्हट लागत न्हाई."

माझी बायको त्या दिवशी बरोबर आली असती तर तिला काही सुचलं असतं. सुचलं ते मुक्ताला. तिने तारेवरचा पहिला तीर उतरवला, आडवा धरला, आपल्या ओठावर टेकवला आणि डोळे मिटले. अगदी त्यांच्यासारखं. मिशी तेवढी नव्हती. तीर इकडून तिकडे गेला. तिने डोळे उघडले नाहीत. अण्णांनी श्वास रोखला. मीही रोखला, सवयीने. पोरीने आम्हाला असं ताटकळत ठेवलं, असं ठेवलं, की अण्णांनी आयुष्यभर गावाला ताटकळत ठेवलं त्याचा सगळा हिशेब त्या ओसरीवर चुकता झाला असावा.

"वाळला," ती म्हणाली.

मग पुढचा. वाळला. पुढचा. वाळला. अण्णा प्रत्येक तीर तिच्या हातून घेऊन मांडीवर ठेवत होते, न तपासता. एका तिराशी ती थबकली. परत सरकवला. मागच्या टोकाला, धनुष्याची दोरी बसते त्या खाचेजवळ ओठ थांबवला. आणि त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच बोलीत म्हणाली, "ह्यो अजून वाळला न्हाई."

अण्णांनी झटकन तो तीर घेतला, उन्हात फिरवला, खाचेजवळ वास घेतला. तिथे व्हार्निशचा एक थेंब जमला होता, आणि तो खरंच ओला होता. त्यांचा चेहरा असा फुलला की बधिर ओठाचं हसू वाकडं पडलं तरी त्यांना पर्वा वाटली नाही. मला म्हणाले, "सगळे वाळले म्हणली असती ना, तर मी एक बी तीर दिला नसता."

निवडीच्या दिवशी रिमझिम होती. काही मुलांचे चपडा लावलेले बाण पांढरे पडायला लागले. मुक्ताच्या तिरांवरून मात्र पाणी अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळत होतं. हे मी जावई म्हणून सांगत नाही, सरांनाही दिसलं. तिची निवड झाली, यादीत शेवटून दुसरी, पण झाली. आम्ही पेढे घेऊन पालीला गेलो. अण्णांनी पेढा बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला: तीर पुसून ठेवले का? मुक्ताने जीभ चावली. अण्णांनी पेढा परत डब्यात टाकला. ते पुसून होईपर्यंत घरात कुणालाही पेढा मिळाला नाही.

त्यानंतर दोघांची जोडी जमली. हात अण्णांचा, ओठ मुक्ताचा. रविवारी ती यायची, तारेखालून फिरत एकेकाचा निकाल द्यायची, आणि अण्णा मागून हात बांधून चालायचे, साहेबाच्या मागे शिपाई चालावा तसे. मिशी मात्र साधी दिसायला लागली. चकाकी गेल्यावर कळलं की ती पूर्ण पांढरी झाली होती.

करडईला फुलं आली होती तेव्हा अण्णा गेले. फार काही झालं नाही. दुपारी शेतातून आले, तारेवर शाळेसाठी केलेले नवे तीर लटकत होते ते मोजल्यासारखे बघितले, खाटेवर आडवे झाले. सासूबाई चहा घेऊन आल्या तेव्हा उठलेच नाहीत. शेवटपर्यंत त्यांनी माझ्याबद्दल निकाल दिला नाही. गावातली माणसं भेटायला आली, त्यांच्यात एक म्हातारबा मला म्हणाले, अण्णा तुमचं नाव लई घ्यायचा. मी विचारलं, काय म्हणायचे? म्हातारबा घोटाळले, आणि मग म्हणाले, वाळत आलंय म्हणायचा. मी ते खरं धरलं आहे.

तेराव्यानंतर सर आले. शाळेला बाण हवे होते. मुक्ता तारेजवळ गेली, एक तीर ओठाला लावला, डोळे मिटले. बराच वेळ मिटले.

"अजून वाळले नाहीत, सर."

सरांनी हळूच बोट लावून बघितलं. बोटाला काही लागलं नाही. त्यांनी बोटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. म्हणाले, बरं, हवाच दमट आहे, पुढच्या महिन्यात बघू. त्या दिवशी आभाळात ढगाचा तुकडा नव्हता.

तेव्हापासून दोन पावसाळे गेले. शाळेचे नवे बाण आता मुक्ताच करते, आमच्या गच्चीवर, त्याच नळीने, आणि ते वेळेवर देते. पालीच्या ओसरीतले तीर मात्र तारेवरच आहेत. सर येता-जाता विचारतात, आणि तेच उत्तर ऐकून जातात.

मागच्या आठवड्यात मी गेलो होतो. सासूबाईंचं धुणं बाहेर कुंपणावर वाळत होतं, बोराटीच्या काट्यांना अडकत, फाटत. ज्या तारेसाठी त्या आयुष्यभर भांडल्या, ती आता त्यांचीच होती. मी म्हटलं, बाई, आता तरी हे खाली काढू का, कपड्यांना जागा होईल. त्या ओल्या फडक्याने एकेक तीर पुसत होत्या, टोकाकडून खाचेकडे, सावकाश, आणि पुसला की परत चिमट्याला लावत होत्या.

"नका हात लावू पाव्हणे," त्या म्हणाल्या. "वले हायेत. वल्याला धूळ लई बसती."